शेवटापासून मोज म्हटलं आणि मशीन अडलं

ई-मेलवरच्या सगळ्या गोतावळ्याला रामराम. सांगतेय मी, टाइप करतेय आमची लेक सुमी.

काल हिनं फोन केला, कॉम्प्युटरचा क्लास सोडते, न्यायला ये. म्हणून आज रहिमतपूरहून सांगलीला, विश्रामबागेत हिच्या खोलीवर आले. बघते तर मशीन गप्प आणि ही रडकुंडीला.

मी खेकसलेच, "काय झालं?"

"आये, एकापासून पुढं कितीबी, असे आकडे धरायचा प्रोग्राम हाय. शेवटापासून मोज म्हटलं की अडतंय."

"मग शेवट सांग की त्याला."

"शेवटच न्हाई. जत्रेच्या पंगतीत शेवटच्या माणसापासून वाढ म्हटलं, अन् माणसं बसतच राहिली, तर तू काय करशील?"

"पळी घेऊन उभी राहीन."

"हे बी तसंच उभं हाय," म्हणाली आणि तिचं तिलाच उमगलं. मग खटाखट टाइप केलं: शेवट नसेल तर शोधू नको, तसं सांगून टाक. मशीननं लगेच सांगितलं, शेवट नाही. पोरगी किती दिवसांनी हसली.

"सामान बांधायचं का?"

"राहू दे, आये."

एकटीच परत चाललेय, पण लय बरं वाटतंय. तुमची लेकरं हात टेकतात तेव्हा तुम्ही समजूत काढता, का माझ्यासारखं आधी खेकसता?