आक्कांचा कोको

आक्कांनी फळीवरचा डबा खाली काढला की गल्लीतल्या बायका दारात येऊन विचारायच्या, "कुणाचं काय झालं?" आक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. नांदेडच्या आमच्या गल्लीत कोकोचा डबा एकट्या त्यांच्याकडे होता. सिकंदराबादच्या छावणीत नोकरीला असलेला त्यांचा भाऊ तो आणून द्यायचा. त्यातली तपकिरी भुकटी त्या गरम दुधात साखर घालून घोटायच्या.

इतर कुठे कोको चवीनं पीत असतील. आमच्याकडे तो आजाऱ्याच्या घशाखाली उतरणारा शेवटचा घोट. भाकरी सुटली, पेजही उतरेना, की आक्का पेला घेऊन त्या घरी हजर. त्यामुळे "तो कोकोवर हाय" म्हटलं की लोकांचा आवाज खाली यायचा, आणि "कोको सुटला", म्हणजे माणूस परत भाकरीवर आला, म्हटलं की देवापुढे साखर ठेवली जायची. आक्कांना याचा भारी संताप. "कोकोनं कुणी मरत न्हाई गं! लोकच उशिरा बोलावतेत."

निजामाच्या राज्याचे ते शेवटचे दिवस. रझाकारांच्या धास्तीनं अर्धी गल्ली गाव सोडून गेली, डॉक्टरही गेले. आम्हाला हलता येईना, कारण माझे थोरले दीर, आक्कांचे यजमान, मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळलेले. पेज दिली, साबुदाण्याचं पाणी दिलं, काही पोटात ठरेना. मी म्हटलं, "आक्का, कोको करू का?"

"साधा ताप हाय. कोको कशाला?" त्या माझ्यावर खेकसल्या. डब्याकडे मानसुद्धा वळवेनात.

रोज मी विचारायची, रोज तेच उत्तर. दीर पार वाळून गेले. एका दुपारी तेच क्षीण आवाजात म्हणाले, "अगं, साऱ्या गल्लीला पाजलास. मलाच का न्हाई?"

आक्का पदर तोंडात कोंबून रडल्या. मग उठून त्यांनी कोको केला आणि चमच्याचमच्यानं भरवला. निम्मा ओठांवरूनच ओघळला. "गोड हाय," एवढंच ते म्हणाले. त्याच आठवड्यात ते गेले.

कोकोनं ते वाचले असते असं मला कधीच वाटलं नाही. पण आक्का जन्मभर म्हणत राहिल्या, "उशीर मीच केला गं."

पुढे कितीतरी वर्षांनी त्याच खोलीत आक्का आजारी पडल्या. पेजेचा चमचा त्यांनी हातानं बाजूला सारला आणि फळीकडे बोट दाखवलं. "कोको कर."

"साधा ताप हाय, आक्का," मी म्हटलं. "कोको कशाला?"

त्या माझ्याकडे बघून हसल्या. मी डोळे पुसत दूध तापवायला उठले.