कोमट मीठपाण्याची चूळ

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात आमची प्लाटून काश्मीरमधल्या एका पोस्टवर होती. मी वायरलेस ऑपरेटर. बर्फावर घसरून गाल आतून फाटला, चार टाके पडले. तोंडात दिवसभर शिळ्या रक्ताची आणि औषधाची चव. चहासुद्धा घाण लागे. डॉक्टरांनी बजावलं होतं, "जेवल्यावर कोमट मीठपाणी. चूळ जोरात थुंकायची नाही, टाके तुटतील. मान वाकवून सोडून द्यायची."

सकाळी सातला पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघाली. कमांडर नाईक दशरथ, नवी मुंबईतल्या करावे गावचा. मी नेरूळचा, म्हणजे शेजारीच. जाताना म्हणाला, "सावंत, तोंड शिवलंय ना तुझं? सेटवर नव्या नवरीसारखा लाजू नको हां."

वाट बदलायची तर पेट्रोलने पोस्टला विचारायचं, कारण सुरुंगांचा नकाशा पोस्टवर. आणि ऑपरेटरने सेट सोडायचा नाही. १३:४० ला मी जेवलो. ती चव सहन होईना. हेडसेट खुंटीला अडकवून बाहेर गेलो. सहा मिनिटं. शेवटची चूळ तोंडात घेऊनच आत आलो, हेडसेट कानाला लावला.

"कुठं मेलास रे? दोनदा विचारलं. पूल तुटलाय. डावीकडून उतरू का? बोल, नायतर चाललो मी. ओव्हर."

डाव्या काठावर सुरुंग होते. नकाशा समोरच टांगलेला. तोंडात पाणी. आणि मी, हरामखोराने, टाके तुटतील म्हणून मान वाकवली, पाणी हळूच डब्यात सोडलं. मग म्हणालो, "थांब!" धमाका आधीच झाला होता.

लॉगमध्ये लिहिलं, कॉल आला नाही. चौकशीत ठरलं, नाईकाने न विचारता वाट बदलली. मी खाली सही केली.

सुटीवर कराव्याला गेलो तेव्हा टाके काढून आठवडा झाला होता. दशरथच्या आईने विचारलं, "सायब म्हंतात त्यानं हुकूम मोडला. तू व्हतास ना? खरं हाय का?"

मी गालावर बोट ठेवून खूण केली, बोलता येत नाही. म्हातारी म्हणाली, "राहूं दे, नको बोलूस."

त्या खुणेसाठी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. म्हातारी वारली, आपला पोरगा बेशिस्त होता असं समजून. परवा त्याच्या भावाला सगळं सांगितलं. त्याने कॉलर धरून मला दाराबाहेर काढलं. बरोबर केलं.

युनिटला पत्र पाठवलंय, इथेही लिहितो. नाईक दशरथने हुकूम मोडला नाही. त्याने परवानगी मागितली होती. तीनदा.