नोंदवलेला नंबर

तुमच्या नोंदवलेल्या मोबाइलवर सहा आकडी कोड पाठवला आहे, तो दहा मिनिटांत टाका, असं स्क्रीनवर आलं. खाली त्या नंबरचे शेवटचे दोनच आकडे दिसत होते, बाकीच्या जागी फुल्या. ते दोन आकडे बघून मुलगी म्हणाली, हा पप्पांचा नंबर. मला ते तिच्या आधीच कळलं होतं. सकाळचे पावणेअकरा वाजले होते.

मुलीच्या पप्पांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला जाऊन त्या दिवशी सहावा दिवस होता. शिबिर घोटीच्या पुढे डोंगरात. गेल्या गेल्या फोन बंद करून ऑफिसात जमा करायचा, कुणाशी बोलायचं नाही, कुणाच्या नजरेला नजर द्यायची नाही. डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्या वाढवल्या तेव्हापासून त्याने हे डोक्यात घेतलं होतं. माझी त्याला ना नव्हती. फक्त प्रवेशाचे दिवस आहेत, यादी कधीही लागेल, एवढं मी म्हटलं होतं. त्यावर तो म्हणाला, यादी इतक्यात लागत नाही, आणि लागलीच तर तुम्ही दोघी आहात की बघायला. बघायला आम्ही, आणि कुलूप उघडायची किल्ली ह्याच्या खिशात.

यादी आदल्या संध्याकाळी लागली. मुलीला पशुवैद्यकीयला जागा मिळाली, मराठवाड्यातल्या एका कॉलेजात. सातवीत असताना सटाण्याला मामाकडे तिने गाय अडलेली पाहिली, डॉक्टरने कोपरापर्यंत हात घालून वासरू बाहेर काढलेलं पाहिलं, आणि तेव्हापासून हिचं दुसरं काही बोलणंच नाही. एक वर्ष तिने घरी बसून पुन्हा परीक्षा दिली होती. आज पाचच्या आत लॉगिन करून जागा पक्की केली नाही तर ती यादीतल्या पुढच्याला जाणार. आणि लॉगिन त्या कोडशिवाय होत नव्हतं.

पहिल्यांदा मी हेल्पलाइनला फोन लावला. बरीच गाणी ऐकवल्यावर एक बाई हिंदीत बोलल्या की ज्या नंबरची नोंद आहे त्याच नंबरवरून फोन करा. मी म्हटलं, बाई, तो नंबर माझ्याकडे असता तर तुम्हाला कशाला फोन केला असता? त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तितक्याच गोड आवाजात. मग ईमेलवर कोड मागवून बघितला. ईमेलही ह्याचाच, आणि तो उघडायला कोड पुन्हा ह्याच्याच फोनवर. मी शाळेत कारकून आहे, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मुलीला घेऊन गंगापूर रोडच्या मदत केंद्रावर गेले. तिथला माणूस भला होता. नंबर बदलून देतो म्हणाला. त्याने दोन बटणं दाबली आणि मान वर करून म्हणाला, मॅडम, जुन्या नंबरवर एक कोड गेलाय, तो सांगा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नंबर हरवला म्हणून बदलायचा, तर बदलायला हरवलेलाच नंबर हवा. हे ज्याने कुणी बसून ठरवलं त्याच्या घरात कधी कुणाचा फोन चोरीला गेला नसेल, पाण्यात पडला नसेल, कुणी आजारी पडलं नसेल. किंवा त्याच्या घरात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाच्या नावावर असेल.

मोबाइलच्या दुकानात दुसरं सिमकार्ड मागितलं, तर ज्यांच्या नावावर आहे त्यांनी स्वतः यायचं, अंगठा द्यायचा. दिरांना फोन केला, ते म्हणाले, वहिनी, दादा चार दिवसांत येतीलच ना. मी फोन ठेवून दिला. त्यांच्या घरीही गॅसपासून बँकेपर्यंत सगळं त्यांच्या एका फोनवर येतं, आणि जाऊबाई दुपारी सिलिंडरवाल्याला दारात उभं करून कोडसाठी त्यांना कामावर फोन करतात. आमच्याकडेही तेच. माझ्या पगाराच्या खात्याचा कोडसुद्धा ह्याच्याकडे जातो आणि तो मला वाचून दाखवतो. दाखवताना वर विचारतो, काय घेतेयस? इतकी वर्षं मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र दुकानाच्या पायरीवर उभं राहून मला एकेक आठवायला लागलं आणि प्रत्येक आठवणीला राग चढत गेला. ह्याने घरातली सगळी दारं स्वतःच्या फोनात घालून ठेवली आणि फोन घेऊन डोंगरात जाऊन बसला, डोळे मिटून.

एक वाजत आला होता. मुलगी म्हणाली, आपण जाऊ या. तिने स्कूटर काढली, मी मागे बसले.

मुंबई हायवेला पाऊस भुरभुरत होता आणि ट्रक चिखल उडवत होते. मी मागे बसून वाटभर बडबडत होते. ह्यांनाच हौस सगळीकडे स्वतःचा नंबर द्यायची, घरातला मुख्य माणूस म्हणून मिरवायचं आणि मग वेळेला गायब. मुलगी काहीच बोलली नाही. हेल्मेटमुळे ऐकू येत नसेल असं मला वाटलं. घोटीच्या पुढे भाताच्या खाचरांतून आत वळलो तेव्हा तीन वाजायला आले होते. रस्ता दोनदा चुकलो, कारण फोनला रेंज नव्हती आणि नकाशा हलत नव्हता.

फाटकावर एक म्हातारे गृहस्थ होते, जवळच्याच गावचे. आम्हाला थांबवून हळू आवाजात म्हणाले, "ताई, आत नाय जाता यायचं. बोलायचं बी नाय इथं मोठ्यानं." मी मोठ्यानेच सांगितलं काय झालंय ते. त्यांनी ऐकून घेतलं आणि ऑफिसातल्या बाईंना बोलावून आणलं. त्या पांढऱ्या साडीतल्या, शांत. त्यांनी मला बसायला सतरंजी दिली आणि विचारलं, घरात कुणी अत्यवस्थ आहे का? कुणी गेलंय का? अशा दोनच कारणांना साधकाला उठवता येतं. मी म्हटलं, कुणी गेलेलं नाही, पण पाच वाजता मुलीची जागा जाईल. त्या म्हणाल्या, मला समजतंय, पण नियम सगळ्यांना सारखा आहे. मुलीचं शिक्षण त्या कारणांत बसत नव्हतं. सासूबाई अत्यवस्थ आहेत असं सांगून टाकावं असं तोंडावर आलं होतं. त्या दिरांच्या घरी नातवाला शेंगा सोलून देत बसल्या असणार, आणि ह्यांच्या नियमासाठी मी त्यांना मरणाला का टेकवू? मी तसं बोलूनही दाखवलं. खोटं बोलले असते तर आत्ता तो माणूस इथे उभा असता, खरं बोलले म्हणून मी सतरंजीवर बसलेय.

त्यावर त्या बाईंनी मुलीकडे बघितलं. मुलगी भिजलेली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि आत पाठवली.

तो आला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. येताना दिसला तेव्हा मला धावत जाऊन त्याचा दंड धरावासा वाटला. पाऊल उचलायचं, पुढे न्यायचं, टेकवायचं, असं एकेक करत, खाली बघत, तो ते अंगण पार करत होता. चेहरा इतका निवांत मी लग्नानंतर पाहिला नव्हता. मला बघून दचकला, मुलीला बघून आणखी. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्याने मान हलवली आणि बाईंकडे फोन मागण्यासाठी नुसता हात पुढे केला. अजूनही तोंड उघडलं नाही.

फोन कापडी पिशवीतून निघाला, चालू व्हायला बराच वेळ लागला, आणि चालू झाला तर बॅटरी चार टक्के आणि रेंज शून्य. चार्जर कुणाकडे नाही, कारण तिथे फोनच कुणाकडे नसतो. फाटकावरचे बाबा म्हणाले, "पाण्याच्या टाकीपाशी येती थोडी, वरल्या अंगाला." आम्ही तिघं चढण चढायला लागलो. तिथे तो भरभर चालला, एवढं मी त्याच्या बाजूने लिहून ठेवते. टाकीजवळ मुलीच्या फोनला दोन दांड्या आल्या, ह्याच्या फोनला एक. तिने कोड मागवला. आला नाही. पुन्हा मागवला. ह्याच्या फोनवर आधी सकाळचे सगळे जुने कोड एकामागून एक पडत गेले, शिळे, मुदत संपलेले. तीन टक्के. मी ह्याच्यावर ओरडायला सुरुवात केली.

काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तिथे शंभर माणसं डोळे मिटून बसली होती आणि माझा आवाज खालपर्यंत जात होता. मला पर्वा नव्हती. म्हटलं, "प्रत्येक कागदावर तुमचाच नंबर. पोरीच्या फॉर्मवरसुद्धा तुमचाच. तिला काय हात नाहीत, फोन नाही? कुणी सांगितलं होतं तुम्हाला स्वतःचा नंबर द्यायला?"

तो खाली बघत उभा राहिला. सांगितलं मुलीने, फोनवरची नजर न काढता, अगदी सरळ आवाजात.

"आई, नंबर तू दिलास. मी माझा सांगत होते."

नवा कोड त्याच क्षणी आला. तिने त्याच्या फोनवरून वाचला, आपल्या फोनवर टाकला, पान उघडलं. ती कागद निवडत, खुणा करत खाली खाली जात होती आणि मी मनाने कॉलेज रोडच्या त्या इंटरनेटच्या दुकानात उभी होते, मे महिन्यात, पंख्याखाली. फॉर्म भरणाऱ्याने नंबर विचारला. ही आपला सांगायला लागली, चार आकडे सांगूनही झाले. मी तिला मध्येच थांबवलं. मुलीचा नंबर दहा ठिकाणी जायला नको, कोण कुठून फोन करेल काय माहीत, म्हणाले, आणि ह्याचा नंबर घडाघडा सांगितला. ईमेलही ह्याचाच. हा त्या दुकानात नव्हताच. माझा नंबर द्यावा असं तर मनातही आलं नाही. शाळेत मी हेच करते. प्रवेशाच्या फॉर्मवर आईने स्वतःचा नंबर लिहिला की मी म्हणते, वडिलांचा लिहा, बदलत नाही तो. कित्येक बायकांनी माझ्यासमोर आपला नंबर खोडून नवऱ्याचा लिहिलाय, आणि मी तो रजिस्टरात उतरवून घेतलाय.

सकाळपासून ज्याच्यावर मी जळत होते तो माणूस माझ्यासमोर भिजत उभा होता आणि त्याचा ह्यात दोष अर्धासुद्धा नव्हता. राग मात्र गेला नाही. त्याला जायला दुसरी जागा मिळाली, एवढंच.

चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी जागा पक्की झाल्याचं पान आलं. मुलीने त्याचा फोटो काढून ठेवला. ह्याने दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. डोळ्यांत पाणी होतं, पण बोलला नाही, आणि मीही बोला म्हटलं नाही.

मला वाटलं झालं, उतरू या. पण मुलगी तिथेच थांबली होती. ती नंबर बदलायच्या पानावर गेली होती. जुन्या नंबरवर कोड आला, तोही तिने वाचला, आणि ह्याचा फोन तिच्या हातातच बंद पडला. आता नवा नंबर टाका, असं विचारणारी रिकामी ओळ तिच्या स्क्रीनवर होती. ह्याने ती पाहिली आणि बोट माझ्याकडे केलं. म्हणजे, आईचा टाक.

त्या क्षणी मला लगेच नाही म्हणता आलं नाही, हे मी कबूल करते. मला तेही बरं वाटलं. अनोळखी गाव, होस्टेल, कोण कुठले लोक, आणि कोड माझ्याकडे आला की तिने कधी काय उघडलं ते मला कळेल. मी इतकं सगळं ओरडले होते आणि तरीही मला ते बरं वाटलं. मग मला स्वतःची शिसारी आली. मी म्हटलं, "तुझा टाक. तुझाच."

तिने वर पाहिलंही नाही. तिचे दहा आकडे केव्हाच भरून झाले होते.