आत कोणी नाही ना?

कात्रपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मला आडमुठा म्हणतात. म्हणू देत. सून विचारते, "बाबा, चहा नको ना?" ती वैतागते, "अहो, हो की नाही ते तरी सांगा!" मी म्हणतो, आधी सवाल सरळ कर, मग सांगतो.

शाळा माझी बेलवलीत, चौथीपर्यंतच. तरी मालवाहू जहाजावर बोसन झालो, म्हणजे खलाशांचा मुकादम. हाताखाली फिलिपिनो, बर्मी, युक्रेनचे गडी. इंग्रजी मोडकं, पण माझा आवाज डेकच्या या टोकापासून त्या टोकाला जायचा.

त्या सकाळी धुकं असं, की हातातला पाना दिसेना. जहाजाच्या पोटातल्या पाण्याच्या टाकीची साफसफाई उरकली होती. झाकण बसवायचं म्हणून मी भोकावर वाकलो आणि ओरडलो, "नो मॅन इनसाइड, ना?"

"येस," उत्तर आलं.

आपल्यात असं विचारल्यावर 'हो' म्हणजे कोणी नाही. फिलिपिनो फिटर मागे होता, धुक्यात दिसत नव्हता. तोच बोलला असं मी धरलं. दोघांनी मिळून झाकण ठेवलं, चोवीस नट आवळले.

चहाला टाकी साफ करणारा बर्मी खलाशी आला नाही. त्याचा कप तसाच पालथा.

मी फिटरला म्हणालो, "तूच येस म्हणालास ना?"

"आय नो स्पीक, बोस. यू टॉक रेडिओ, आय थिंक."

माझा रेडिओ, म्हणजे वॉकीटॉकी, सकाळपासून खुंटीलाच टांगलेला होता.

"खोटं बोलतोस!" मी मराठीतच ओरडलो. मी चुकेन कसा?

तेवढ्यात तळपायाला काहीतरी लागलं. ठक. ठक. बुटाच्या तळातून वर येत होतं. कुठून ते कळेना. सगळं लोखंड एकदमच वाजत होतं. जो तो आपापल्या भाषेत ओरडायला लागला. मग सगळे एकदम गप्प झाले, कान देऊन. तर खालचं ठकठकणंही थांबलं.

बंद टाकीतला गंज हवेतला प्राणवायू खातो, हे आम्ही सगळे जाणून होतो.

मी धावलो. फिटर पाना घेऊन समोर बसला. चोवीस नट. शेवटचा गळून पडला, झाकण सरकवलं, आणि मला इंग्रजीतला एकही शब्द आठवेना.

"आहेस का रे?"

वाकलो तसा काळोखातून एक ओला, थंडगार हात वर आला आणि त्यानं माझं मनगट धरलं.

वर काढल्यावर तो बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. मग म्हणाला, "आय से येस, बोस. टू टाइम."

त्याचं 'येस' म्हणजे 'आहे, मी आत आहे'. मी एकदाच ऐकलं होतं. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी नट आवळत असणार.

चीफ मेट, म्हणजे आमचा वरचा अधिकारी, धुक्यातून आला. झाकण कुणी लावलं, विचारलं.

"मी," म्हणालो. बर्मीनं मनगट सोडलं नव्हतं, मीही ओढून घेतलं नाही.