वहिनीची शेड

चिमी पन्नाशी ओलांडलेली बाई होती, पण वहिनीने लहानपणी ठेवलेलं हे नाव काही तिला सोडेना. दुकानात मात्र तिला सगळे शेडवाल्या बाई म्हणायचे. मेकअपच्या सामानाचं मोठं दुकान, दारातून आत शिरलं की डाव्या हाताला तिचं काउंटर, मागे फाउंडेशनच्या बाटल्यांच्या रांगा, आणि समोर रोज कुणी ना कुणी तोंडाचं पार वाटोळं करून आलेली बाई. ‘हे लावलंय, की पिठाच्या डब्यात पडली होतीस?’ असं ती मनात म्हणायची. तोंडावर म्हणाली असती तर नोकरी राहिली नसती.

तिची पद्धत ठरलेली. आधी मनगट उलटं करून शिरा बघायच्या, निळ्या दिसतात की हिरवट. निळ्या म्हणजे गुलाबी झाक, हिरवट म्हणजे सोनेरी. मग जबड्याच्या कडेला, गालाकडून मानेकडे, तीन बाटल्यांच्या तीन रेघा ओढायच्या आणि गिऱ्हाइकाला दंडाला धरून सरळ दुकानाच्या दारात, उजेडात न्यायचं. “यातली जी रेघ दिसेनाशी होते ना, ती तुमची,” ती सांगायची. गिऱ्हाईक दारापर्यंत गेलं की तसंच पसार होतं, अशी मॅनेजरची कुरकुर चालू असायची. चिमी ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या बाईलाही दारातच न्यायची. शिवाय एक गोष्ट ती प्रत्येकीला बजावायची. वरचा रंग उन्हाने बदलेल, वयाने बदलेल, पण आतला रंग, ज्याला दुकानात अंडरटोन म्हणतात, तो जन्माचा. गुलाबी तो गुलाबी आणि सोनेरी तो सोनेरी, तो काही बदलत नाही.

आता एवढी खात्री असलेल्या बाईची पाचावर धारण बसायला काय झालं, असं तुम्ही म्हणाल. तर ते झालं वहिनीपायी.

वहिनी म्हणजे चिमीच्या दादाची बायको. चिमीची आई गेली तेव्हा चिमी शाळेत होती, आणि नुकतीच लग्न होऊन आलेल्या वहिनीने कुणी न सांगता तिच्या वेण्या घालायला घेतल्या. पुढे तापात कपाळावर हात वहिनीचा, परीक्षेच्या दिवशी फाटकापर्यंत वहिनी. आणि चिमीचं लग्न मोडून ती बॅग घेऊन परत आली, तेव्हा एक शब्द न विचारता स्वतःचं अर्धं कपाट रिकामं करून देणारीही वहिनीच. नंतर चिमीने पलीकडच्या गल्लीत खोली घेतली, पण रविवारचं जेवण वहिनीकडे ठरलेलं.

वहिनी एका हॉटेलात रिसेप्शनवर बसायची. तिथे नट्टापट्टा हा कामाचाच भाग. पूर्वी ती हाताला येईल ते फासायची. चेहरा राखाडी, मान गोरी, जणू दोन बायका मध्येच जोडून शिवल्यात. चिमी काउंटरवर लागल्यावर तिने पहिली शेड शोधली ती वहिनीची. मनगटाच्या शिरा निळ्याशार, कातडीला आतून गुलाबी झाक. ती गुलाबी बाटली वहिनी वर्षानुवर्षं वापरत आली, आणि दादाला मात्र बायको काही लावते याचा पत्ता नव्हता. त्याला चष्मा लावूनही बायकोने केस कापलेले कळायचे नाहीत.

यंदा एके दिवशी वहिनी काउंटरवर आली. “अगं चिमे, ही हल्ली बसतच नाही गं चेहऱ्यावर. वर तरंगते.”

“वय झालं तुझं.”

“हो, आणि तू तर काल जन्मलीस.”

हसण्यावारी नेऊन चिमीने रेघा ओढल्या, दारात नेलं, आणि मधली, ना गुलाबी ना सोनेरी अशी बाटली दिली. पुढे काही आठवड्यांनी वहिनी पुन्हा आली, तक्रार तीच. या वेळी सोनेरी रेघ जबड्यावरून गेली आणि कातडीत अशी मिसळली की शोधून सापडेना. मान आणि चेहरा एकसारखा. चिमीला आपल्या कामाचं कौतुकही वाटलं, बघा. जन्मात न बदलणारा रंग बदलला, आणि ही बाई बाटली पिशवीत घालून देत होती. हात आपलं काम करून मोकळे झाले, डोकं मागेच राहिलं.

मग आला एक रविवार. वहिनी नुकतीच न्हाऊन खिडकीशी केस वाळवत बसली होती, तोंडाला काही लावलेलं नव्हतं. चिमी दारातून आत आली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. वहिनीचं कपाळ, कान, बोटांची टोकं, सगळ्यावर एक पिवळट छटा होती. वहिनीने मान वळवली, तर डोळ्यांतलं पांढरंही तसंच. जेवताना तिने दोन घास खाऊन ताट सारलं आणि दंड खाजवत बसली. “बारीक झालीस,” दादा कौतुकाने म्हणाला. चिमीला आपल्या आईचा शेवटचा, असाच पिवळा रंग आठवत होता. आवाज आठवत नव्हता, रंग आठवत होता.

तोंड उघडायचं सोडून चिमी घरी पळाली. भीती माणसाला वकील करते का काय कोण जाणे, पण त्या रात्रीपासून ती स्वतःशीच युक्तिवाद करायला लागली. दुकानात नवे दिवे बसले होते, पिवळे, उबदार. त्यांनी नजर बिघडली असेल. पण रविवारी तर खिडकीचा उजेड होता. मग आपले डोळेच गेले असतील! या वयात डोळ्यांत पडदा येतो, सगळं पिवळं दिसतं, असं तिने ऐकलं होतं. त्यात त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक बाटली घेऊन तणतणत परत आलं. “हे काय दिलंत? हळद फासल्यासारखी दिसतेय मी.” मॅनेजरने चिमीला सगळ्यांसमोर झापलं. दुसरी कुणी असती तर रडली असती. चिमीला आतून सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे चूक आपल्या डोळ्यांची. वहिनीला काही झालेलं नाही.

तेव्हापासून ती दिसेल त्या पांढऱ्या गोष्टीकडे बघायला लागली. कपातलं दूध, भिंत, मॅनेजरच्या शर्टाची कॉलर. पिवळं दिसलं की जिवात जीव यायचा, पांढरं दिसलं की ती लगेच दुसरं काही शोधायची. मॅनेजरची कॉलर पिवळी दिसली, पण ती खरोखरच पिवळी होती. डोळे गेले तर काउंटर जाणार, आणि रंग ओळखण्यापलीकडे तिला दुसरं काही येत नव्हतं. तरी ती मनापासून म्हणत होती, डोळेच जाऊ देत.

शेवटी जीव असा टांगणीला लागला की एका दुपारी तिने अर्धी रजा टाकली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी थेंब घातले, यंत्राला हनुवटी टेकवून आत डोकावून पाहिलं, रंगीत ठिपक्यांची पानं उलटली. चिमी ठिपक्यांत लपलेला प्रत्येक आकडा अचूक सांगत गेली, आणि प्रत्येक बरोबर उत्तरासरशी पुढचं तरी चुकू दे असं मनात म्हणत होती.

“अहो, तुम्ही आलात कशाला?” डॉक्टर हसत म्हणाले. “या वयात असे डोळे फार कमी बघायला मिळतात. मोतीबिंदूचं नावसुद्धा नाही.”

“नीट बघा ना, डॉक्टर. मला सगळं पिवळं दिसतं.”

“पिवळं असेल तेच पिवळं दिसतं तुम्हाला.”

चिमी त्या उंच खुर्चीत बसल्या बसल्या रडायला लागली. डॉक्टरांना वाटलं आनंदाने रडतेय. त्यांनी तिला कागदी रुमाल दिला.

ती परत दुकानात गेली, रांगेतून गुलाबी बाटली काढली, नियमाप्रमाणे स्वतःच्या नावावर लिहायला सांगितली आणि तडक वहिनीच्या घरी गेली. दादा कामावर होता. वहिनीची संध्याकाळची पाळी होती, आणि ती आरशासमोर बसून सोनेरी बाटलीचं झाकण उघडत होती.

“थांब,” चिमी म्हणाली. “आधी इकडे उजेडात ये.”

वहिनी खिडकीशी आली. चिमीने गुलाबी बाटली उघडून रेघ ओढली, जरा वाकडीच. गालाकडून मानेकडे, एकच. मग तिने आरसा वहिनीसमोर धरला. पिवळ्या कातडीवर ती गुलाबी रेघ लांबूनही दिसली असती.

“ही कुणाची गं शेड?” वहिनीने विचारलं.

“तुझीच, वहिनी. तुझी पहिली.”

वहिनीने आरसा चिमीच्या हातातून घेऊन खाली ठेवला. “रोज तोंड धुताना दिसायचं मला,” ती म्हणाली. “रात्ररात्र खाज सुटते, अन्न नको वाटतं. पण म्हटलं, आपली चिमी दिवसभर लोकांच्या तोंडाचे रंग बघते. काही असतं तर पहिली तीच बोलली असती. तू हसून दुसरी बाटली दिलीस, मग तिसरी दिलीस. मला वाटलं, म्हणजे वयच असणार. मी निर्धास्त झाले.”

चिमीला तोंड लपवावंसं वाटलं. “मी घाबरले होते गं,” एवढंच ती म्हणाली.

“मीपण,” वहिनी म्हणाली.

मग चिमीने डोळे पुसले, हॉटेलात फोन करून वहिनी येणार नाही असं कळवलं, दादाला दवाखान्यात यायला सांगितलं. वहिनीने साधे कपडे घातले आणि चपला पायात सरकवल्या. इतक्या वर्षांत तोंडाला काही न लावता ती पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर पडत होती. चिमी ओला कापूस घेऊन जबड्यावरची रेघ पुसायला गेली, तेव्हा वहिनीने तिचा हात धरला.

“असू दे ती. मी मुळात कशी होते ते डॉक्टरांना कळायला हवं ना.”

चिमीने कापूस टाकला, वहिनीला दंडाला धरलं आणि दाराबाहेर उजेडात नेलं.