पऱ्यांना जेवू कोण घालतं?

कीबोर्डावरची बोटं थांबायची, चष्मा कपाळावर जायचा आणि तो विचारायचा, "बाई, पन हिला तिथं जेवू कोन घालतं?"

ही म्हणजे माझ्या कादंबरीतली मुक्ता, वय वर्षं चौदा. ती तळ्यात बुडी मारते आणि थेट पऱ्यांच्या राज्यात निघते. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई मी, आणि निवृत्त झाल्यावर मला हुक्की आली ती पऱ्यांची कादंबरी लिहायची! नातीनं डोकं खाल्लं, दुसरं काय. अक्षर माझं कोंबडीनं उकरल्यासारखं. म्हणून औरंगपुऱ्यातल्या एका टायपिंगच्या दुकानात जाऊन बसायचे. फुलंब्रीहून रोज एसटीनं येणारा हा चाळिशीचा माणूस माझी पानं टाइप करायचा.

टायपिंग करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पुढ्यात लग्नपत्रिका असो की कोर्टाचा कागद, त्यांचा चेहरा हलत नाही. हा मात्र वाचायचा, आणि वाचून मला छळायचा.

"बाई, पंख हायत म्हनता, मंग पोलकं कसं घालत्यात?"

"तिचे केस कोन इंचरतं?"

"थंडीचं काय पांघरत्यात?"

"अरे बाबा, पऱ्या आहेत त्या! त्यांना थंडी वाजत नाही," मी खेकसायचे.

"व्हय का. बरं," म्हणून तो खाली मान घालायचा. दुसऱ्या दिवशी नवा प्रश्न तयार. शेवटी मी पऱ्यांना शेवाळाची पांघरुणं दिली. ते वाचून तो कळवळला. "शेवाळ गार लागंल, बाई. आमचं मेंढरांचं घर, मला ठावं हाय. लोकरीची घोंगडी द्या." दिली! माझ्या कादंबरीतल्या पऱ्या घोंगडी पांघरून झोपतात. वाचणारे हसतील तर हसू देत.

संध्याकाळी निघताना तो त्या दिवसाच्या पानांची एक प्रत घडी करून खिशात घालायचा. मला वाटायचं, पोरांसाठी नेत असेल.

"आवडते का रे पोरांना?" मी एकदा विचारलं.

"पोरं कुठली, त्यांना मोबाइल हाय. आई ऐकती."

तेव्हा उलगडलं. जेवणाचे, पोलक्याचे, केसांचे सगळे प्रश्न त्याच्या आईचे होते. पंच्याहत्तरीची बाई माझी पऱ्यांची गोष्ट रोज ऐकत होती. काय सांगू, मला आभाळ ठेंगणं झालं.

मग शेवटचं प्रकरण आलं. त्यात मुक्ता दवाखान्यात डोळे उघडते. ताप असतो, भ्रम असतो, तळं-बिळं काही नसतं. माझ्यातल्या विज्ञानाच्या बाईंनी शेवटचं वाक्य ठणकावून लिहिलं होतं, 'पऱ्या नसतात.' ते पान त्याच्याकडे चार दिवस पडून राहिलं. माझं डोकं फिरलं.

"करतोस टाइप की दुसरीकडे देऊ?"

"टाइप कवाच झालंय, बाई. आईला वाचून दाखवाया होईना. तुम्ही घरी या. तुम्ही वाचा."

आणि मग त्यानं सांगितलं. त्याच्या शेताच्या मागं जुनी बारव आहे, पायऱ्यांची विहीर. त्याची बहीण नऊ वर्षांची असताना मेंढरं वळता वळता पाणी आणायला त्या बारवेत उतरली. वर आली नाही. गाव म्हणालं, आसरांनी नेली. पाण्यातल्या त्या सात बहिणी, आवडलेली पोर ठेवून घेतात म्हणे. आईनं ते धरलं ते धरलंच. दर अमावस्येला ती बारवेत उतरून पायरीवर हिरव्या बांगड्या ठेवते. पोर तिथं वाढत असणार म्हणून दरसाल बांगडीचं माप वाढवत गेली. "आता बाईमानसाच्या मापाच्या नेती," तो म्हणाला.

मला हुंदका आला, आणि त्या हुंदक्याच्या भरात मी त्याला एक गोष्ट विचारायची विसरले. तुला माझ्याकडून नेमकं काय हवंय? मी आपली धरून चालले की शेवट जरा मऊ करायचा आहे. फुलंब्रीच्या बसमध्येच मी शेवटच्या वाक्यावर पेनानं काट मारली.

म्हातारी ओसरीवर वाट बघत बसली होती. बारीक अंग, डोळे मात्र टक्क उघडे. पान वाचायची वेळच आली नाही. तिनं माझा हात धरला.

"तूच लिव्हती व्हय गं माय? मंग तुला ठावं आसंल. माझी पोर कशी हाय?"

तीस वर्षं मी पोरांना सांगत आले की भूत नाही, चेटूक नाही, भानामती नाही. आणि मी म्हणाले, "बरी आहे. मजेत आहे."

म्हातारी लहान पोरीसारखी हसली. "आयकलं का रं? शिकल्याली बाई सांगती!" तो चहाच्या कपबशा घेऊन दारात उभा होता. त्याचा चेहरा पार उतरला.

परतीच्या बसची वाट बघताना त्यानं विचारलं.

"बाई, आसं कसं केलं तुम्ही?"

"अरे, मग काय सांगायचं होतं त्यांना?"

"पऱ्या नसत्यात म्हनून. तुम्हीच लिव्हलंय की!" त्याचा आवाज फाटला. "पोर तिसऱ्या दिवशी वर आली व्हती, बाई. बानं परस्पर माती दिली, आईला दाखवलीच नाय. मी पाह्यली. सा वर्साचा व्हतो. तवापासनं माझ्या तोंडातनं निघंना झालंय. आई ह्या वयात त्या घसरड्या पायऱ्या उतरती. म्हनलं, बाई सांगतील, बाईंचं आयकंल ती. लई भरवसा व्हता."

बस आली. मी चढले. "चुकलं रे माझं," एवढंही मला म्हणता आलं नाही, कारण चुकलं की नाही हेच कळत नव्हतं. अजूनही कळत नाही. त्या माउलीचं ते हसणं आठवलं की वाटतं बरोबर केलं. त्याचा चेहरा आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. तुम्ही काय केलं असतं?

आठवडाभर तो दुकानात आला. मान खाली घालून काम करायचा, मला एकही प्रश्न विचारायचा नाही. मग त्याच्या खुर्चीवर एक मुलगी दिसली.

"तो काम सोडून गेला, बाई," दुकानाचे मालक म्हणाले. "त्याच्या आईला कुणी तरी सांगितलं म्हणे की लेक मजेत आहे. आता म्हातारी अमावस्येची वाट बघत नाही. रोज उतरते बारवेत, लेकीशी बोलायला. ऐकतच नाही. मग हा पुढं उतरतो, ती मागनं. पाय घसरला तर त्याच्या अंगावर पडावी म्हणून."