पहिला खाली

प्रोसेसर काढून पुन्हा बसवल्यावर संगणक सुरूच झाला नाही, तर दोष कोठे शोधावा? हा प्रश्न मी एका शनिवारी सकाळी कोलार रोडवरच्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर सोडवायला घेतला. प्रश्न मीच निर्माण केला होता, हे आधी नोंदवतो.

संगणकाचा पंखा घरघरत होता. प्रोसेसरवरचा उष्णता वाहून नेणारा लेप वाळला असावा, असे निदान मी केले.

"अहो, आज नको," पत्नी म्हणाली. "पाचच्या आत स्मरणिका गोविंदपुऱ्यातल्या छापखान्यात द्यायची आहे. सगळी त्यातच आहे."

आमच्या मराठी वाचनालयाच्या स्मरणिकेची ती संपादक. चार महिन्यांचे काम, आणि दुसरी प्रत कोठेही नाही.

"अर्ध्या तासात होईल," मी म्हणालो.

हात पोहोचावा म्हणून रॅमची पट्टीही काढली. लेप लावला, प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण खाचेजवळच्या त्रिकोणाशी जुळवला, सारे परत बसवले आणि बटण दाबले. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला.

तेथून पुढे मी पद्धतशीरपणे चुकत गेलो. प्रोसेसर तीनदा काढला, तीनदा बसवला, भिंगातून न्याहाळला. प्रत्येक वेळी वहीत क्रमांक घालून निरीक्षण लिहिले. तिन्ही वेळा ते एकच होते. रॅमविषयी शंका घेण्याचे कारणच नव्हते. पेटीच्या आत माझ्याच अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती: "रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये. पहिला खाली." स्लॉट दोनच, एकाखाली एक. पहिला खाली, म्हणजे दुसरा वर. ती कोठून काढली हे पाहून ठेवले नव्हते, म्हणून चिठ्ठीप्रमाणे पट्टी मी वरच्या स्लॉटमध्ये बसवली होती.

तीन वाजता पत्नी म्हणाली, "लेखी परीक्षा झाली असेल, तर आता तोंडी घेऊ," आणि तिने जवाहर चौकातल्या दुरुस्तीवाल्याला फोन लावून स्पीकर सुरू केला.

"सर जी, रैम कौन से स्लॉट में है?"

"दूसरे में," मी ठामपणे सांगितले. "ऊपर वाले में."

"अरे सर, ऊपर वाला तो पहला है! वो तो मरा पड़ा है. उसको खाली रखना था, खाली! पिछली बार आपने लिखा था ना?"

लिहिले होते. मागच्या दुरुस्तीच्या वेळी त्याने सांगितलेला हिंदी 'खाली', म्हणजे रिकामा, मी मराठी वाक्यात जसाच्या तसा उतरवला होता, आणि दोन वर्षांनी तो शुद्ध मराठीत वाचला होता.

पत्नीने चिठ्ठीवर बोट ठेवले. "यात क्रियापद कुठे आहे हो? वर्गात मुलांचा अर्धा गुण कापायचात ना यासाठी?"

छत्तीस वर्षे कापला.

पट्टी खालच्या स्लॉटमध्ये गेली आणि पडदा उजळला. साडेतीनला ती पेन ड्राइव्ह घेऊन स्कूटरवर बसली. "या स्मरणिकेचं शुद्धलेखन तुम्हीच तपासलंत ना?" तिने विचारले. "छापायच्या आधी कुणाला तरी एकदा दाखवतेच." पाचला दहा मिनिटे असताना तिचा निरोप आला: पोहोचली, दिली.

उत्तर असे: ज्या भागावर संशय आहे तेवढाच तपासू नये, जे जे काढले ते सर्व तपासावे, आणि आपल्या हातचे अक्षर सर्वांत आधी. पंखा अजूनही घरघरतो. पेटीत आता नवी चिठ्ठी आहे: "प्रोसेसरजवळचा, वरचा स्लॉट बिघडलेला आहे. तो रिकामा ठेवावा." माझ्या मते या वाक्यांचे दोन अर्थ होत नाहीत. तरी वाचकांनी कृपया ती स्वतः तपासून पाहावीत.